कोपऱ्याकोपऱ्यांचा खंदक

४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं महायुद्ध शिकवायला घेतलं की माझा वर्ग जांभया देतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा मी हट्टाला पेटले आणि मुलांना घेऊन शाळेमागच्या मैदानात चक्क खंदक खणला! डोकं बुडेल एवढा खोल, दोन्ही कडांना फळ्यांचा आधार. आधी सरळच खणला होता. एका टोकाहून चेंडू सोडला, तर तो आत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पायांना लागत पार शेवटपर्यंत गेला. मग कोपरे काढले, तेव्हा पहिल्याच वळणाला अडला. अगं, पोरं ओरडलीच! शत्रू एका टोकाने घुसला तरी सगळे एकदम सापडू नयेत, हे त्यांचं त्यांनीच ताडलं.

पण मुख्याध्यापिकाबाई खवळल्यात. सोमवारी बुजवा म्हणतात. आजोबा तर त्याच युद्धात होते, तुला कधी काही बोलले का गं?

गुडघ्यांविषयी खरं लिही. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी भाची

७ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा निवला. बाबा युद्धाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. पण रस्त्याने चालायचे ते भिंतीला लागून, जरा वाकूनच. वळण आलं की थांबायचे, डोकावायचे आणि मगच वळायचे. आई त्यांना उंदीर म्हणायची, तेही हसायचे. आम्हांला वाटे, स्वभावच भित्रा. कोपरा म्हणजे काय, ते मला आज कळलं बघ!

शनिवारी येतेय. तोवर फावड्याला हात लावायचा नाही, असं बाईंना सांग. गुडघे कुरकुरतात, शिडी मजबूत ठेव.

तुझी आत्या

१३ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बाईंनी खंदक आणखी महिनाभर ठेवायची परवानगी दिली, हे भेटेल त्याला सांगत सुटलेय!

तू त्यांची मनधरणी करायला गेलीस, तेव्हा मी खाली मुलांमध्ये उभी होते. वर आभाळाची नुसती पट्टी. मी त्यांना बाबांचं ते वाकून चालणं सांगितलं. मग तुझ्या त्या दोन वेण्यांच्या बडबड्या विद्यार्थिनीने विचारलं, की युद्ध संपल्याचं त्यांना कुणी सांगितलं. माझ्या उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, की मग ते वर चढले असतील आणि त्यांना एवढं मोठं मैदान एकदम दिसलं असेल, ते धावलेसुद्धा असतील.

बाबा धावताना! इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं गं. मी तिथेच हसले, रडले, आणि पोरांनी मला हात देऊन वर काढलं.

पोरांना माझे गोड पापे दे आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी आत्या