शेवटच्या कमानीतली भिंत

बुधवार, ता. १७

प्रिय आत्या,

नमस्कार. तिकडे दादाकडे डोळ्याची पट्टी निघाली असेल, थेंब वेळेवर घालत असशील आणि वाकून काही उचलत नसशील, असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, बिडीही आहे तशीच आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की वखारीच्या शेवटच्या कमानीतली भिंत मागाहून घातलेली आहे, हे सर्वेक्षणाच्या साहेबांनी स्वतःच ओळखलं. तसं झालं नाही. त्यांना ते कळलं नव्हतं. मी सांगितलं.

वहिनी, तुम्ही हे आत्याला मोठ्याने वाचून दाखवत असाल. जसं लिहिलंय तसंच वाचा. मागे माझ्या निकालातली एक ओळ तुम्ही तिला वाईट वाटू नये म्हणून गाळली होती, ते मला माहीत आहे. या वेळी काही गाळू नका. फोनवर सांगायला मी दोनदा बसले होते, पण आत्या पहिल्यांदा ‘जेवलीस का’ विचारते आणि मग मी भाजीचंच सांगत बसते.

वखार पाडायची नाही असं ठरलंय, ते मात्र अगदी खरं आहे. बिल्डरचा उंच इमारतीचा नकाशा नगरपालिकेने बाजूला ठेवला. आपल्या गल्लीने एवढी वर्षं सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, त्याचं काहीतरी झालं. पोस्टमास्तर तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून हिंडताहेत. समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचा फोटो छापून आला, चिटणीस म्हणून मागे माझा अर्धा कानही आला. समितीने मला घेतलं ते माझ्या अक्षरामुळे आणि अर्ज लिहिता येतो म्हणून. आपल्या घरात तो मलाच येतो, आणि तो येतो तुझ्यामुळे. लोकांचे कोट, शाली, पडदे तू वखारीतल्या दुकानाच्या त्या खिडकीत बसून रफू केलेस म्हणून मी शाळेत गेले. हे मी कधी विसरत नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

साहेब पाहणीला आले त्या दिवशी मी त्यांच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरून चालत होते. ते एकेक कमान बघायचे आणि मदतनिसाला सांगायचे, हे मूळचं, हे नंतरचं. कोणी पत्रा ठोकलेला, कोणी विटा रचलेल्या, ते कोणालाही दिसलं असतं. तुझ्या दुकानाशी आले तेव्हा त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “ही मूळची दिसते. हिला हात लावायचा नाही.”

एवढ्यावर गप्प राहायचं होतं.

तुला माहीतच आहे, आजोबांनी ती भिंत कशी बांधली. वखारीच्या मागच्या पडक्या भागातले दगड आणले, जुन्यासारखा चुना मळला, सांधे जुन्या गवंड्यांच्या धाटणीने भरले आणि वरून काजळी चोळली. खिडकीसुद्धा बाकीच्या खिडक्यांसारखीच घडवली, फक्त तुझ्या खुर्चीच्या उंचीवर ठेवली. तू रफू केलेला कोट गिऱ्हाईक उजेडात धरतं आणि जागा सापडली नाही की हसतं ना, तसंच. लहानपणापासून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझं स्वतःचंच काम असल्यासारखं वाटतं.

मी म्हणाले, “मूळची नाही साहेब. माझ्या आजोबांनी बांधलीय. इथे आधी मागच्या गल्लीत जायचा बोळ होता.”

साहेबांनी चष्मा वर केला, नखाने सांधा खरवडून पाहिला आणि म्हणाले, “वा.” मग मदतनिसाकडे वळून, त्याच आवाजात, “नंतरची भर, असं लिही.”

बाबांना मी सांगितलं की खोटं कसं चालू द्यायचं, म्हणून बोलले. समितीतही तेच सांगितलं. तेही पुरतं खरं नाही. आत्या, मला ते ‘वा’ ऐकायचं होतं. शिकलेल्या माणसाने आजोबांना ‘वा’ म्हणावं आणि त्याला न कळलेलं मला कळतं, हेही त्याला दिसावं. त्या संध्याकाळपर्यंत मी खुशीत होते. तुझ्या दुकानाचा विचार एकदाही मनात आला नाही.

हुकूम आला तेव्हा कळलं. वखार मूळ रूपात ठेवायची. नंतरची भर काढायची. शेवटचा बोळ दोन्ही बाजूंनी मोकळा करायचा. बाकीच्यांची दुकानं आत, जुन्या भिंतींच्या मागे आहेत, त्यांचे फक्त पत्रे आणि विटा निघतील. बोळात दुकान आहे ते एकटीचं तुझं.

मागच्या पत्रात मी एवढंच लिहिलं होतं की आपण जिंकलो.

बाबांनी हुकूम ऐकला. जेवण झाल्यावर हात धुऊन वखारीकडे गेले, भिंतीशी उभे राहिले आणि परत आले. मी दारातच होते. म्हणाले, “खरं बोललीस, ठीक आहे. पण तुला विचारलं होतं कोणी?” तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात, पण चहा झाला का, दार लावलं का, एवढंच.

अजून एक राहिलंय. ते मी दोन पानं लांबवलं.

समितीच्या बैठकीत पोस्टमास्तर म्हणाले, हुकूम आहे तसा मान्य करूया. कुरकुर केली तर बिल्डरचा वकील म्हणेल, यांचं आपसातच जमत नाही, आणि सगळंच पुन्हा उघडेल. तुला वरच्या पोटमाळ्यावर कोपरा देऊ म्हणाले. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो, हे त्यांना माहीत नसेल, पण मला माहीत आहे. मग त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “आत्याचं काय म्हणणं पडेल?”

मी म्हणाले, “ती काही म्हणणार नाही. ती समजून घेईल.”

हे मी का म्हणाले ते अजून शोधतेय. सगळे माझ्याकडे बघत होते. चिटणीसबाईच्या घरचंच दुकान आडवं येतंय, असं कोणी म्हणायच्या आत मला ते मिटवायचं होतं. तुझ्या नावावर होकार लिहिला गेला आणि टाळ्या पडल्या. घड्याळवाले काका उठून म्हणाले, घरचं सोडून गल्लीचं बघणारी मुलगी. मी मान खाली घातली, ती लाजले म्हणून घातली असं त्यांना वाटलं.

तू सासरहून दादाला कडेवर घेऊन परत आलीस तेव्हा आजोबांनी ती भिंत घातली, कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्या दिवशी कोणालाही आठवलं नाही. मला आठवलं आणि तरी मी बोलले नाही.

आता या हुकमावर शेवटची सुनावणी आहे. समितीची संमती मीच वाचून दाखवायची, असं ठरलंय. मी ती वाचणार नाही. भिंत जुनी आहे असंही म्हणणार नाही, कारण ती जुनी नाही. मी म्हणेन की ती आमच्या आजोबांची आहे. तो बोळ मोकळा होता तेव्हा त्यातून कोण जात होतं ते आज कोणाला सांगता येत नाही, पण त्या खिडकीत कोण बसतं ते सगळी गल्ली सांगेल. वखार राखायची तर तिच्यात जे राहिलं, वाढलं, तेही राखा. आणि आत्याचा होकार तिला न विचारता मी दिला होता, तो मी परत घेते.

पोस्टमास्तरांना काल सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पोरी, तुझ्या एका वाक्याने सगळ्यांचं घर बसेल.” कदाचित बसेलही. मला खरंच माहीत नाही. कायद्याची पुस्तकं वाचली, त्यात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं सापडतं. झोप नाही.

पत्र उद्या सकाळी टाकते, शनिवारपर्यंत मिळावं. तुला दुकान ठेवायचंय की सोडायचंय हे मी आज पहिल्यांदा विचारतेय, आणि ते सगळ्यात आधी विचारायचं होतं. वहिनींना सांग, त्या फोन करतील. सोडते म्हणालीस तर तेही मी तिथे तुझ्या शब्दांत सांगेन. रागावली असशील तर तेही कळव. पण माझ्या तोंडून गेलेला तुझा होकार मी कसाही करून परत घेणार आहे.

तुझ्या नावाने न विचारता बोललेली,
तुझी भाची

सुनावणी सोमवारी, ता. २२, सकाळी अकरा वाजता, नगरपालिकेच्या मोठ्या सभागृहात.