मी सांगेपर्यंत

१४ एप्रिल १९५२

आलो एकदाचा इंदूरला! उन्हाळा लागला की सरकार ग्वाल्हेरहून इथे बिऱ्हाड हलवतं, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर आम्हा कारकुनांनाही. इथे कोणी भाऊ नाही, सगळे ‘भिया’. टांगेवाला भिया, हमाल भिया, ऑफिसातला बडा बाबूसुद्धा भिया! ग्वाल्हेरच्या माणसाने इथे कानात बोळे घालूनच यावं.

मल्हारगंजात दौलतराव म्हणून होळकरशाहीतले पेन्शनर आहेत, त्यांच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. संस्थान गेलं, पण म्हाताऱ्याचा रुबाब काही जात नाही. खोल्या मात्र झकास. वारा छान, नळ खालीच. दोन्ही खोल्यांच्या मध्ये सागवानी सरकतं दार आहे, वरच्या लोखंडी पट्टीवर चाकांनी लटकणारं. कुठल्याशा बंगल्यात पाहून हौसेने करवलेलं. सरकतं दार म्हणे, आणि सरकत बोटभरही नाही! अर्धवट उघडं अडकून बसलंय. पुढच्या आठवड्यात शालिनी बेबीला घेऊन येईल. पलंग आत न्यायचा तर हे धूड काढायलाच हवं.

शालिनीला विचारण्यात अर्थ नाही. कोणी काही म्हटलं की बाईंचं आधी ‘हो’, मग विचार. भांडीवाली, भिकारी, सासू, सगळ्यांना हो. माझ्याशी लग्नालाही बहुधा तशीच हो म्हणाली असेल.

१७ एप्रिल

दार काढू का म्हणून दौलतरावांना विचारलं, तर व्याख्यानच झोडलं. आधी पट्टीच्या टोकाचा लाकडी ठोकळा काढायचा. मग दार सरळ वर उचलून चाकं पट्टीवरून सोडवायची, खालची कड आपल्याकडे ओढायची आणि हळूच आडवं करायचं. एकट्याने बिलकुल नाही, दोन्ही अंगांनी माणूस पाहिजे. एवढं सांगून झाल्यावर आवाज उतरवून म्हणाले, श्रीपादजी, राहू द्या ना ते, पलंग बाहेरच्या खोलीत टाका, काय फरक पडतो.

वा! राज्य चालवलं म्हणतात, आणि एक दार काढायला घाम फुटतो. असल्यांच्या हातून राज्य गेलं नसतं तरच नवल.

२० एप्रिल, रविवार

काढलं! ठोकळा काढून जोर लावला, तर दार जागचं हलेना. पाठीत उसण भरायची वेळ आली. तेवढ्यात दाराच्या पलीकडे कोणीतरी खाकरलं. दौलतरावांनी माणूस धाडला असणार, मागच्या जिन्याने. वरातीमागून घोडं! तोंड बघायलाही गेलो नाही. इकडूनच दरडावलं, धर रे, आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस.

काय आश्चर्य, दार परातीसारखं हलकं झालं. चाकं सुटली, खालची कड ओढून घेतली, दार भिंतीला टेकवलं. हात धुतले आणि पोहे-जलेबी खायला निघून गेलो. परत आलो तर गडी गेलेला. न विचारता. यांच्याकडे नोकरांना शिस्त म्हणून नाहीच.

२१ एप्रिल

दौलतराव म्हणतात त्यांनी कोणाला धाडलंच नव्हतं. सगळं घर काल राऊ गावी मुंजीला गेलं होतं. मागच्या जिन्याच्या दाराला गंजलेलं कुलूप आहे, मी स्वतः पाहिलं.

थापा मारताहेत, दुसरं काय.

संध्याकाळी चहा घेत होतो. दोन खोल्यांच्या मधून कोणीतरी अदबीने विचारलं, साहेब, सोडू का? गेलो, तर कोणी नाही. गल्लीतल्या टवाळांना उद्योग नाही. पुढच्या जिन्याचं दारच बंद करून घेतलं.

२२ एप्रिल

दाढी करताना पुन्हा तेच. आवाज दमलेला. वरून चुना भुरभुरतोय.

दौलतरावांना वर बोलावलं, चांगला जाब विचारायला. ते उंबऱ्यातच थांबले, वर बघून पांढरेफटक पडले. तुळई केव्हाचीच खचली होती म्हणे, दारावरच टेकली होती, म्हणून तर दार सरकत नव्हतं. मग मला विचारलं, श्रीपादजी, आता ती कशावर उभी आहे?

मी हसलो. मग वर पाहिलं. तुळई मधोमध वाकलेली, दोन्ही टोकं भिंतीतून सुटलेली. खाली काही नाही. काहीच नाही.

२३ एप्रिल

दौलतरावांच्या पत्नी इंदुमतीबाई जिन्यातूनच बोलल्या, वर पाऊल ठेवलं नाही. दार बसवताना त्यांच्या चपराशाला, संताजीला, तुळई पेलून उभं केलं होतं. धर, आलोच, म्हणून दौलतराव खाली गप्पा छाटत बसले. संताजी वरून विचारत होता, सोडू का, सोडू का. हे खालून ओरडले, सोडू नको! तो कानाने अधू. त्याला ‘सोड’ एवढंच ऐकू आलं. तुळईखालीच गेला.

त्याच्यासमोर बोलू नका, म्हणाल्या. काहीच बोलू नका.

दार परत बसवायला गेलो. मध्ये काहीतरी लागलं. लाकूड नव्हे. मऊ. आणि कण्हलं.

२४ एप्रिल

सियागंजातून सुतार आणला, टेकू लावायला. त्याने आवाज ऐकला आणि करवत टाकून पळाला. ग्वाल्हेरला तार केली, येऊ नकोस. मी खाली ओट्यावर झोपतो.

तोंड बघायला गेलो नव्हतो मी. कोण आहेस, एवढंही विचारलं नाही. धर रे, म्हणालो आणि जलेबी खायला गेलो. थू माझ्यावर.

२५ एप्रिल

ऑफिसातून आलो — वर शालिनीचा आवाज —

तार पोचलीच नाही. इंदुमतीबाई देवळात, कोणी अडवलं नाही तिला. दोन खोल्यांच्या मधोमध बसलीय, तिथे वारा छान येतो म्हणून. मांडीवर बेबी. बरोबर तुळईखाली.

मी एक पाऊल टाकलं, वर करकरलं. मागे आलो. बोलता येत नाही — नको म्हणालो आणि त्याने भलतंच ऐकलं तर — हातांनी खुणा केल्या. हसली. बेबीही हसली.

आवाज पुन्हा. आता रडवेला. शालिनीने मान वळवली. कोण आहे हो, म्हणते —

लिहून दाखवतो. पान तिच्याकडे धरूनच लिहितो.

शालिनी, वाच. मोठ्याने नको. तोंडातून शब्द काढू नकोस. कोणी काहीही विचारलं तरी उत्तर देऊ नकोस. बेबीला घेऊन हळू सरकत माझ्याकडे ये.

समजलं ना? नुसती मान हलव. हो म्ह