शेपट्या जिरेपर्यंत मुक्काम

मुक्काम लातूर, ऑगस्ट संपत आलेला

ति. पंचशीलाताईस, धाकट्या साहेबरावाचा सविनय जय भीम. मी इकडं मजेत आहे, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. दाजींचा गुडघा, वसतिगृहाची गळकी टाकी आणि तुझा राग, तिन्हींना उतार पडला असेल तरच पुढं वाच.

तू मला किनवटला गाडीत बसवलंस तेव्हा लातूरच्या विज्ञान प्रदर्शनाला दहा दिवस होते (मला रस्त्यात वेळ लागतो हे धरूनच तू आधी पाठवलंस, ही तुझी हुशारी) आणि मांडीवर तुझ्या वसतिगृहातल्या मुलींच्या चार बाटल्या होत्या. पहिलीत बेडकाची अंडी, दुसरीत नुसती शेपटीवाली पिल्लं, तिसरीत मागचे पाय फुटलेली, चौथीत चारी पाय असून शेपटी न गेलेली. नव्या जिल्ह्यातलं पहिलंच प्रदर्शन, बाटल्या धड पोचवायच्या, एवढंच काम. पण चाकूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. म्हटलं जवळच्या गावात बाटल्यांचं पाणी बदलावं. तिथं एका घोड्याला नाल ठोकून राहिले होते, ते बघण्यात गाडी गेली. (घोडा मात्र चांगला होता.)

त्या गावाला धोंडी काढायची होती. पावसासाठी मुसळाला बेडूक बांधून घरोघर फिरवतात ती. दुष्काळानं सगळ्या शिवारात एक बेडूक उरला नव्हता, आणि मी चार बाटल्या घेऊन हजर. ग्यानोबा पाटलांनी चौथी बाटली उन्हाला धरली. शेपटीवाला बेडूक धोंडीला चालत नाही असं पारावर ठरलं. "शेपूट जिरंपोतर ऱ्हावा की पाव्हणं," पाटील म्हणाले. मी म्हणालो, माझ्या ताईला असलं पटत न्हाई. ते म्हणाले, "ताई कुटं हितं हाय?"

बाटल्या केवळाबाई नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर ठेवल्या. दोन कोसांवरून घागर आणणारं गाव, पण पिल्लांना रोज तांब्याभर पाणी मिळालं. सकाळी बायका बघायला जमायच्या. तिसऱ्या बाटलीत एकाला पुढचा डावा पाय आधी फुटला, उजवा येईना, तर दिवसभर गावात दुसरा विषय नव्हता. चौथ्या बाटलीतली भाकरीचा चुरा खाईनात. "पोटात दुखतंय का रं ह्यांच्या?" केवळाबाईनं विचारलं. मी तुझंच शिकवलेलं सांगितलं, की शेपटी आतल्या आत जिरते, तोवर त्यांचं तिच्यावरच भागतं. ती म्हणाली, "आन् आमाला का न्हाई दिली रं असली शेपटी?"

आठव्या दिवशी शेपट्या गेल्या. पाटील मुसळ घेऊन आले. केवळाबाई दारात आडवी. "म्या वाडिवलेत. आदी मला बांध मुसळाला!" पाटलांनी तिच्याकडं बघितलं, मुसळाकडं बघितलं आणि प्यायला पाणी मागितलं. बेडूक तिच्या रांजणाखालच्या ओलीत राहायला गेले.

तोवर बाकीच्या बाटल्याही एकेक इयत्ता वर चढल्या होत्या (परीक्षा न देता, मला हे कधी जमलं नाही). मी फक्त चिठ्ठ्या बदलून चिकटवल्या आणि लातूर गाठलं. ताई, तुझ्या मुलींचा पहिला नंबर आला! प्रमाणपत्र सोबत आहे. तेव्हा रागवायला आता कारण उरत नाही.

तुझा,
साहेबराव

ता. क. अंड्यांचं लिहायचं राहिलं. त्यांची पिल्लं झाली, म्हणून बेडकांच्या रिकाम्या बाटलीवर अंड्यांची चिठ्ठी आली, पण आत घालायला अंडी नव्हती. त्या दिवशी केवळाबाईची एकादशी होती. भिजलेल्या साबुदाण्यात एकेक मोहरी दाबून बसवली की हुबेहूब दिसतं.

पुन्हा ता. क. परीक्षक साहेब म्हणाले, इतकी टपोरी अंडी जन्मात बघितली नाहीत. त्यातून पिल्लं निघताना त्यांना बघायचंय, म्हणून ती बाटली जीपमध्ये मांडीवर घेऊन ते स्वतः सोमवारी किनवटला येत आहेत. साबुदाण्याला आजच आंबूस वास येऊन राहिला आहे. तरी ओढ्यावरून खरी अंडी आणून ठेव, साहेबांना जेवायला बसव आणि तेवढ्यात बाटली बदल. ते मलाही जीपमध्ये चल म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी सावकाश येतो.