भरल्या गाडीचा नियम

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, त्यात थंडीनं बोटं आखडलेली, तेव्हा लागेल तेवढं लावून घ्या. शाळा तुम्हीच सोडवलीत. दुकानात हात कमी पडतात म्हणालात आणि माझ्या हातात टायर उचकटायची टॉमी दिलीत. त्याबद्दल भांडत नाही. ते भांडण जुनं झालं. आजचं वेगळं आहे.

मी आता अमेरिकेत लेकीकडे असते, वेस्ट विंडसरला. माझी नात इथल्या हॉस्पिटलात शिकते आणि कामही करते, पहाटे साडेपाचला घर सोडते. तिनं मागच्या उन्हाळ्यात एक गाडी घेतली. दोन माणसांची, पोट जमिनीला टेकलेलं, आणि इतकी हलकी की चार जणांनी मिळून उचलून बाजूला ठेवावी. जावयांचं तोंड वाकडं झालं, कारण त्यांना वाटत होतं पोरगी सगळ्यांसारखी उंच, थोराड गाडी घेईल. मला ती गाडी आवडली. तिच्यात सामान मावत नाही म्हणजे तिला कुणी सामान आणायला पिटाळणार नाही.

मग थंडी आली. उन्हाळ्याचं रबर इथल्या थंडीत दगड होतं, म्हणून हिवाळ्याचे मऊ रबराचे टायर वेगळे घालतात. एवढंच प्रकरण. पण जावयांनी त्यावर तीन आठवडे काढले. कॉम्प्युटरवर तक्ता केला, ऑफिसातल्या चौघांना विचारलं आणि शेवटी म्हणाले, रुंद टायर घेऊ, ग्रिप जास्त, दिसतातही छान. मी म्हटलं, हलकी गाडी रुंद टायरवर बर्फावर तरंगेल, अरुंद घ्या, खाली रुतून रस्ता धरेल. चिखलात आपण हेच बघत आलो. ते हसले. "आई, हे तुमच्या वेळचे ट्रक नाहीत," म्हणाले. इथल्या टायरच्या दुकानातल्या माणसानं मात्र अरुंदच सांगितले. त्यानं टायर पुढं केला तसं मी नख दाबून पाहिलं, नख रुतलं. त्या माणसानं माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे या देशात कुणी तसं पाहिलं नव्हतं, आबा. तिथंच माझं डोकं फिरलं असावं.

त्या मापाचे दोनच टायर होते, उरलेले दोन एका आठवड्यानं येणार होते. त्यानं ते दोन मागं बसवले आणि नातीला बजावलं, चारही होईपर्यंत बर्फात गाडी काढू नकोस. तिनं मला मराठीत सांगितलं तेव्हा माझा पारा चढला. नवा जोड मागं? तुम्ही काय सांगायचात? चांगला जोड पुढं, घासलेल्यावर रबर चढवलेले रिमोल्ड मागं. पुढचं फुटलं तर माणूस जातो, मागचं फुटलं तर माल सांडतो. हायवेवरच्या त्या पत्र्याच्या दुकानात हे मी रोज ऐकलं, दिवसातून दहादा. जन्मभर मला दुसरं काही पाठ नाही. आरत्यासुद्धा अर्ध्या येतात.

रविवारी लेक आणि जावई मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. आम्ही दोघी घरासमोर. मी खुर्ची टाकून बसलेली, नात खाली गुडघ्यावर. जॅकवर गाडी उचलायच्या आधी नट सैल कर, मी म्हणते, तर ती म्हणते, हो ना, लॉजिकल आहे. आवळताना एकाशेजारचा एक नको, समोरासमोरचे घे. तिचा हात पुरत नाही तेव्हा मी उठते, पान्यावर पाय देते आणि नट करकरतो. "आजी, तू कसली भारी आहेस गं," ती म्हणते. दीड तासात पुढचे मागं आणि मागचे पुढं. त्या दीड तासाइतकी खूश मी या घरात कधीच नव्हते, हे लिहून ठेवते.

गुरुवारी पहाटे बर्फ पडला. तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. स्टेशनच्या अलीकडे वळण आहे, तिथं तिनं ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागची बाजू जी निघाली ती थेट पुढं आली. गाडी दोनदा गरगरली आणि मागून खांबावर आपटली. नात वाचली. मनगट मोडलं. समोरून त्या वेळी कुणी येत असतं तर मी हे पत्र लिहायला बसले नसते, कशालाच बसले नसते.

दुपारी ती प्लास्टर घालून स्वयंपाकघरात आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसानं टायर पाहिले आणि विचारलं, चांगले पुढं कुणी लावले? मी तिला म्हटलं, आमचा नियम आहे तो, माझ्या वडिलांचा. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "आजी, ट्रकमध्ये मागं दहा टन असतात ना, ते चाकं दाबून धरतात. माझ्या मागं काय होतं? डब्याची पिशवी."

आणि तेव्हा मला आठवलं. म्हणून तुमच्यावर चिडले आहे. पावसाळ्यात कांद्याचा ट्रक माल टाकून परत आला होता. तुम्ही टायर बदललेत, नवा जोड मागं घातलात, आणि ड्रायव्हरला म्हणालात, रिकामी आहेस, घाटात सांभाळ, मागून फिरेल. मी शेजारी पाना धरून उभी. मी विचारलं, आज नवे मागं का? तुम्ही ड्रायव्हरच्या देखत म्हणालात, "तुला गाडी चालवायची आहे का?" तो हसला, तुम्हीही हसलात. मी पाना पुसायला लागले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. रोज सांगायचात तो भरल्या गाडीचा नियम. रिकामीचा वेगळा असतो, आणि तो मी मागितला तर तुम्ही दिला नाहीत. राबायला मी पोरगा होते, उत्तर द्यायची वेळ आली की पोरगी. मला नव्हती चालवायची गाडी, आबा. माझी नात चालवते. तुम्ही हातचं राखलेलं अर्धं वाक्य तिच्या मनगटावर निघालं. एका पोरीला एक कारण सांगायला किती वेळ लागला असता? त्या ड्रायव्हरचं हसणं संपेपर्यंतचा.

रात्री जेवताना जावयांनी विचारलं, दुकानानं मागं बसवलेले टायर पुढं गेले कसे. नात म्हणाली, "मीच बदलले. व्हिडिओ बघून." मग त्यांनी तिला बरंच सुनावलं, बेजबाबदार म्हणाले, गाडी विकून टाकू म्हणाले. ती मान खाली घालून डाव्या हातानं चमच्यानं भात खात होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, मी अवघडू नये म्हणून. मी तिला वरण वाढलं.

आता गाडी दुरुस्त झाली आहे, चारी टायर बसले आहेत. विकायचं जावयांच्या डोक्यात अजून आहे. एका शब्दानं ते थांबेल, आणि तो शब्द माझ्याकडे आहे. तुमच्यावर एवढी पानं खर्च केली, पण जे सांगायचं ते जावयांना सांगायचं आहे. ते खाली चहा पीत बसले आहेत. मी वरच्या खोलीत दार लावून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उलटून काही म्हणणार नाही.