आईचा पाय

लीड्स, ३ फेब्रुवारी १९९७

ती. आयोनीताईस,
सा. न. वि. वि.

टपालाला दहा दिवस लागतील म्हणून ऑफिसातून फॅक्स करतेय. आईला वृद्धाश्रमात ठेवल्याबद्दल तू तिकडे उन्हात बसून मला दोष देत असशील. दे. पण गॅस उघडा टाकून ती चर्चला निघाली होती, हे किती वेळा लिहू? तिथल्या मुली वाईट नाहीत, पण रोज तिचे केस धुतात आणि तेलाचं बोट लावत नाहीत. मी दिलेली खोबरेलाची बाटली स्वयंपाकघरात जाऊन बसली. उकडलेला बटाटा पाहिला की ती ताट सरकवते. मी नेलेला खारा मासा मात्र चाटूनपुसून खाल्ला.

शुक्रवारपासून नवीनच सुरू झालंय. अंगाला हात लावू देत नाही, कपडे बदलताना एका मुलीला चावली. सारखी 'माझा फूट, माझा फूट' म्हणते. नर्सनं पाऊल तपासलं, मीही मोजे काढून दोन्ही पावलं दाखवली, ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, विसराळूपणाच्या आजारात माणसं अशी चिडतात, गुंगीचं औषध देऊ. गुरुवारी मला सही करायचीय. जिवाला स्वस्थता नाही.

तुझी व्हर्लिन


जिंजरलँड, नेव्हिस बेट, वेस्ट इंडीज, ५ फेब्रुवारी

चि. व्हर्लिनस अनेक आशीर्वाद.

अख्ख्या पोस्टाचं वाचून झाल्यावर फॅक्स मला मिळाला, उत्तरही तिथूनच फॅक्सनं धाडतेय. सही करू नकोस. अगं, चाळीस वर्षांत तू पुरती मडमीण झालीस का? इंग्रजांचा फूट पावलापुरता. आपला फूट कमरेपासून खाली सगळा. बाबांची मांडी मोडली तेव्हा आई गावभर काय सांगत फिरली? नवऱ्याचा फूट गेला म्हणून. त्या लोकांना ठाऊक नसेल, तू कशी विसरलीस? तिचा खुबा बघायला सांग, आजच्या आज. दुखऱ्या हाडावर कुणी हात टाकला तर मीही चावेन.

रागानं लिहिलंय, माया त्यातूनच वाचून घे.
आयोनी


लीड्स, १६ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

खुब्याला तडा होता. न्हाणीघरात पडली असावी, कुणी पाहिलं नाही. आठवडाभर तिला त्याच पायावर उभं करत होते आणि मी शेजारी उभी राहून तिला शहाण्यासारखं वाग म्हणत होते. मोजे तर मीच काढून दाखवले ना. शस्त्रक्रिया नीट झाली. आश्रमाच्या मुख्य बाईंनी माफी मागितली आणि आईचे बेटावरचे शब्द अर्थासकट लिहून द्या म्हणाल्या. मी लिहायला बसले, तर निम्मे मलाच आठवेनात. उरलेले तू कळव.

काल तिनं मला आयोनी समजून झापलं, धाकटीला टाकून इतके दिवस कुठे होतीस म्हणून. मी मान खाली घालून ऐकलं आणि आता येते, राहते म्हणाले. तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेय, ताई. तो खोटा पडू देऊ नकोस.

व्हर्लिन