लाल चिमटा ज्याच्याकडे

रवि., १ फेब्रु.
रांधा गावाकडच्या मोकळ्या प्लॉटवर. मी, बायको सविता आणि वरच्या मजल्यावरचे विनोदभाई. माझी रिमोटवर चालणारी जुनी बग्गी दुरुस्तीनंतर पहिल्यांदा मातीत उतरली. दोन वळणं झकास. मग एकदम फुल स्पीड, रिमोटला जुमानेना, आणि थेट सविताच्या पायावर. ती बिचारी चहा ओतत होती. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर.
दवाखान्यातली सगळी धावपळ विनोदभाईंनी केली. रडत होते. मी नुसता उभा.

सोम., २
सविताची शाळेला रजा. दिवसभरात एकच वाक्य बोलली, "तुमच्याच हातचं काम ना ते?"
कंपनीत अख्खा प्लँट माझ्या भरवशावर चालतो, आणि घरात ही अब्रू. बग्गी उघडली. मोटर, रिसीव्हर, वायरी, सगळं ठीक. मग पळाली का?

बुध., ४
पुन्हा सगळं सुटं केलं. काही नाही. सविता म्हणते, रविवारपर्यंत सगळ्या गाड्या घराबाहेर. चेष्टेत नाही. वाद काय घालणार, पाय समोर दिसतोय.
विनोदभाई घरचा खमंग हांडवो घेऊन आले. "भाभी, तमे आराम करो. आणि यांना जरा समजवा, जुनी गाडी एटले जुनी गाडी!" सविता हसली. त्यांच्याशी हसते.
बोलता बोलता त्यांनी रविवारपासून इथेच पडलेला स्वतःचा रिमोट उचलला, खटका दाबला, बॅटरीचा काटा बघितला, बंद केला. हाताला चाळाच आहे त्यांच्या.

गुरु., ५
मशीनसमोर उभा होतो आणि डोक्यात लख्ख. तो चाळा!
आमचे दोन्ही रिमोट एकाच चॅनलवर. त्यांचा चॅनल ठरवणारा क्रिस्टल तुटला तेव्हा मीच माझ्याकडचा दिला, दुसरा आता मिळत नाही. दोन्ही एकदम चालू झाले की गाडी वेडी होते. म्हणून तर नियम: कपड्यांचा लाल चिमटा ज्याच्या एरियलला, त्यानेच रिमोट चालू करायचा. रविवारी चिमटा माझ्याकडे होता. ते मागे बसून काटा बघत असणार. काटा बघणं म्हणजे चालू करणं नाही, असं त्यांना वाटतं.
पण डोळ्यांनी बघितलं नाही मी. सांगावं, तर सिल्वासात या वेडाला सोबती तेवढा एकच. न सांगावं, तर सविताच्या लेखी मी कायमचा धसमुसळा. राग येतोय. चोर तर चोर, वर शिरजोर. मलाच समजवा म्हणे!

शनि., ७
केलं. बहुतेक करायला नको होतं.
बग्गी स्टँडवर, चाकं अधांतरी. माझा रिमोट चालू, त्याला चिमटा. विनोदभाई आल्यावर म्हटलं, "तुमच्या रिमोटचे सेल बघा हो जरा." त्यांनी खटका दाबला. चाकं किंचाळली. सविता पलंगावरून बघत होती.
बंद केला, चाकं थांबली. मग त्यांनी स्वतःच पुन्हा दाबला. पुन्हा तेच. चेहरा पांढराफटक. "हुं तो फक्त काटो जोतो हतो, भाऊ..." सविताकडे न बघताच गेले.
मी मात्र तिच्याकडे बघितलं. आता तरी पटलं ना, अशा थाटात.
ती म्हणाली, "त्यांना एकट्याला दाखवता आलं असतं."
आलं असतं. पण मला तिच्यासमोरच जिंकायचं होतं. लाज वाटते लिहिताना.

रवि., ८
प्लॉटवर गेलो नाही. विनोदभाई फोन उचलत नाहीत. सविता म्हणाली, "गाड्यांचं नंतर बघू. आधी वर जा, त्यांना घेऊन या."
गेलो. बेल वाजवली. आतला टीव्ही बंद झाला. पावलं दारापर्यंत आली, नीट ऐकली मी. म्हटलं, "विनोदभाई, सविताने बोलावलंय." खोटं नव्हतं, पण अर्धंच. मग म्हटलं, "मीपण..."
दार उघडलं नाही. पावलं परत गेल्याचाही आवाज आला नाही. मी उभा. तेही उभे असावेत.