सीतेच्या वेणीचं मडकं

जुन्नर, ९ जून १९५४
सीतेच्या वेणीचं रोप मेलं. मुळं काळी, चिकट, वास. वहिनीचं ऐकून लाल मातीत शेणखत घातलं, तिथंच चुकलं. रानात झाडाच्या फांदीवर, वाऱ्यात वाढणारी जात. मी तिला गाडलं.
वहिनी म्हणाली, "बांडगूळच ते, मेलं तर मेलं." माझ्याकडं बघून म्हणाली. बघू दे. दिवाळीत ह्यांनी दुसरी बायको आणली तेव्हापासून मी दादाकडं आहे. राहणार.

१३ जून
तळेघरची ठकूबाई हिरडा विकायला आली. वाऱ्यानं पडलेल्या फांदीवरचं सीतेच्या वेणीचं रोप घेऊन. पहिलंही तिनंच दिलेलं. "ताई, ह्ये बी मारशील?"
"न्हाई मारत."

१४ जून
माती नाहीच घालायची. नारळाची सोडणं पावसात भिजून राहतील, तीही नकोत. बंबातला कोळसा आणि विटेचे तुकडे. चुरा चाळून टाकायचा, नाहीतर त्याचा गाळ.
कुंभाराला म्हटलं, मडक्याला चौफेर भोकं पाड. "फुटकं मडकं मागणाऱ्या तुमीच पयल्या!" हसला, पण पाडली.

१५ जून
ओट्यावर विटा फोडत होते, तर निमगाव सावाहून सासरे आले. हे आले नाहीत.
"दोघी मिळून ऱ्हावा. घर मोठं हाय."
"मामंजी, मी येणार नाही."
"भावाच्या जिवावर बसणार?"
"कपडे शिवते. माझं भागतं."
हातोडी खाली ठेवली नाही. दादानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. सासरे म्हणाले, चार माणसं घेऊन पुन्हा येतो. या.

२ जुलै
पावसाची झड. मडक्यात पाणी थांबत नाही. बोट घालून पाहिलं, गाळ नाही. वहिनी : "कोळशात झाड! लोक हसतील." हसू देत. घरामागं नाही, पुढल्या दारातच टांगलं.

१८ जुलै
मुळाला हिरवं टोक! दादाला हात धरून नेलं.
"जगलं व्हय?" मुळाला बोट लावून पाहिलं. मग, "शांते, उद्या निमगावची मंडळी यायचीत. काय सांगू?"
"माझं मी सांगते. तू नुसता शेजारी बस."


१९ जुलै
एस्टी आली. मंडळी गल्लीत शिरली. वहिनी म्हणते, तू आत थांब, पुरुषांचं बोलणं. दादानं सतरंजी अंथरली, पण स्वतः अजून दारातच उभा. बसेल का, कुणास ठाऊक.
मी जाऊन बसते.